सोमवार-गुरुवारचं पाणी

९ एप्रिल

ती. स्व. अक्का,

नमस्कार.

सहा वर्षांनी लिहितो आहे, म्हणून आधी एकेकाची चौकशी करतो. तुमचे गुडघे कसे आहेत? डावा जास्त दुखायचा, तो अजून तसाच का? कानाला यंत्र आणलंत, की "मोठ्यानं बोल" यावरच अजून भागवता? थोरल्याची पाठ धरायची, ती आता बरी असेल. सूनबाईंचं शिवणकाम चालू असणार. नातीला दात आले का, असं विचारणार होतो. मग लक्षात आलं की ते आता पडायलाही लागले असतील. आणि तुमचा तो तीन पायांवर पळणारा कुत्रा? आहे ना?

इथे आम्ही दोघं. बारीक स्क्रू दिसेनासे झाले म्हणून मी दुकान बंद केलं. आता घरीच टेबलावर दोन-चार जुनी घड्याळं उघडून बसतो. भिंगरी ठीक.

पत्राचं कारण निराळंच आहे, हसू नका. आमच्या गॅलरीत टोमॅटोच्या चार कुंड्या आहेत. रोपं भिंगरीनं बियांपासून केली. छातीएवढी झाली, फुलं आली, फळं धरली. हिरवी असतात तोवर दृष्ट लागावी अशी. रंग फिरला की एका सकाळी बघावं तर देठापासून खालपर्यंत उभा तडा. एखाद्याला देठाभोवती गोल चीर, बरणीचं झाकण सैल झाल्यासारखी. दोन दिवसांत त्यात मुंग्या. आतापर्यंत अकरा पिकली आणि अकराच्या अकरा तडकली. किडीचं औषध मारून झालं, कुंड्यांची जागा बदलून झाली.

एक तरी अख्खा टोमॅटो हाती यावा, एवढीच घरात इच्छा आहे. तुम्ही चाळीस वर्षं रोपवाटिका चालवलीत. तुमच्याइतकं कळणारं माझ्या ओळखीत कुणी नाही, आणि फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही.

तुम्ही दोघी बहिणी बोलत नाही, हे मी विसरलेलो नाही. पण टोमॅटोशी तर तुमचं भांडण नाही ना?

आपला,
घड्याळजी

---

१७ एप्रिल

घड्याळजी,

आशीर्वाद. पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, मुंग्यांनी शिस्तीत चालावं तसं.

विचारलंत त्या क्रमानं सांगते. डाव्या गुडघ्यानं उजव्यालाही फितवलंय, आता दोघं मिळून बोंबलतात. कानाचं यंत्र आणलं होतं. त्यातून माझ्या चावण्याचाच आवाज जास्त यायचा, म्हणून डब्यात टाकलंय. थोरल्याची पाठ बरी आहे, तोंड पूर्वीपेक्षा जास्त चालतं. सूनबाईचं मशीन दिवसभर खडखडतं म्हणे, मला त्याचा त्रास नाही. नातीचे पुढचे दोन पडलेत, 'स' म्हणायला गेली की नुसता वारा येतो. कुत्रा गेला, दोन वर्षं झाली. आवारातच जागा केली त्याला.

तुम्ही आमच्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांची चौकशी केलीत आणि स्वतःच्या बायकोवर खर्चलेत दोन शब्द. "भिंगरी ठीक." एखाद्या घड्याळाबद्दल विचारलं असतं तर दोन पानं भरली असती. तिनंच जास्त लिहू नका म्हणून बजावलं असणार. नाक अजून वरच का तिचं?

आता टोमॅटो. कीड नाही, रोग नाही, कुणाची नजरबिजर नाही. पाणी. फळाची साल आणि आतला गर, दोघांनी बरोबरीनं वाढावं लागतं. माती कोरडी पडली की साल आखडते, जाड होते. मग तुम्हाला एकदम आठवण होते आणि तुम्ही बादली ओतता. गर अधाशासारखा पितो, फुगतो. साल म्हणते, बाबा, मला एवढं ताणायचं माहीत नाही, आणि फाटते. नुसत्या जास्त पाण्यानं फळ तडकत नाही, नुसत्या कमी पाण्यानंही नाही. आधी उपास आणि मग एकदम पोटभर, यानं तडकतं. हे पुस्तकातलं नाही हो. मी चौथीपर्यंत शिकलेली. ढिगांनी फळं फेकून देताना डोक्यात शिरलंय.

तेव्हा रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, एकाच मापाच्या भांड्यानं पाणी द्या. बुंध्याशी द्या, पानांवर नको. मातीवर वाळकं गवत किंवा सुकी पानं चार बोटं जाड अंथरा, म्हणजे ओल पळून जात नाही. दिसतंय म्हणून पान खुडू नका, फळाला सावली त्याचीच. खत सध्या बंद. आणि फळाच्या बुडाला गुलाबी झाक आली की देठासकट काढून घरात सावलीला ठेवा. तिथे आपसूक पिकतं, चवीत काडीचाही फरक पडत नाही.

शेवटचं औषध म्हणजे आमच्या बहिणीला कुंड्यांपासून लांब ठेवा. लहानपणी मी बी पेरायची आणि ही उगवलं का बघायला रोज उकरायची. एका जागी दोन मिनिटं उभी राहील तर शपथ, भिंगरी नाव काय उगाच पडलं? मी म्हणायचे, हिच्या हाताखाली निवडुंगसुद्धा वाळेल. हे तिला खुशाल वाचून दाखवा. चिडली तर चिडू दे. चिडून का होईना, चार ओळी लिहू दे.

उत्तराला फार दिवस लावू नका.

अक्का

---

२ मे

ती. स्व. अक्का,

नमस्कार. तुम्ही सांगितलंत म्हणून पत्र तिला वाचून दाखवलं. निवडुंगापाशी आलो तेव्हा इतकी हसली की ठसका लागला, पाठीवरून हात फिरवत बसावं लागलं. मग म्हणाली, "पुन्हा वाचा. सावकाश. तिचा आवाज येतो यातून." असं तीनदा झालं. स्वतः लिहायला ती तयार नाही. फक्त एवढं कळवा म्हणाली: "बी मी उकरत नव्हते. कोंबडी उकरायची. अक्कानं कोंबडीला कधी बोल लावला नाही, कारण कोंबडी अंडी द्यायची."

तुमचं सगळं पाळतो आहे. मोजमाप हे माझ्या हातचंच काम. पितळेचा एक मग ठरवला आहे, प्रत्येक कुंडीला दोन मग, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. वहीत नोंद ठेवतो. सुकी पानं अंथरली. फक्त सोमवारी आणि गुरुवारी आम्हाला दोघांनाही पहाटेच बाहेर पडावं लागतं, परत यायला चार-साडेचार होतात. त्या दिवशी पाणी संध्याकाळी देतो. त्याला इलाज नाही.

तरीही परवा तीन फुटली. त्यातल्या दोघांना गुलाबी झाक आली होती, मी काढायला गेलो तर भिंगरी म्हणाली, "नको, झाडावर पिकू दे. घरात पिकवलेला तो काय आपण पिकवला म्हणायचा?" तिचा पलंग आता खिडकीशी ओढून घेतला आहे, तिथून चारही कुंड्या दिसतात. कुठलं फळ कालच्यापेक्षा किती लाल झालं, हे ती मला चहाच्या आधी सांगते.

एक विचित्र गोष्ट. खिडकीला लागून असलेल्या कुंडीची माती दुपारी दोनला हाताला ओली लागते. सकाळचं पाणी तोवर वर टिकायला नको. हे कसं?

आपला,
घड्याळजी

---

१० मे

घड्याळजी,

आशीर्वाद. कोंबडीचं वाचून आधी हसले, मग डोळ्यांना पदर लावला. सूनबाई धावत आली, तिला वाटलं पत्रात काही वाईट आहे. सहा वर्षांनी माझ्या बहिणीनं माझ्याशी भांडण काढलं, यापेक्षा चांगली बातमी काय असणार! कोंबडीचं मात्र साफ खोटं आहे, हे तिला सांगा.

ओल्या मातीत कोडं कसलं? दुसरा हात पाणी घालतोय. पानं अंथरली म्हणून दुपारी वरची माती अशी ओली लागत नाही. चोर घरातलाच आहे, पकडा.

आणि हे सोमवार-गुरुवार काय प्रकरण आहे? दुकान बंद केलंत, म्हणजे आता ठरवून जोडीनं हिंडता वाटतं! पहाटे जायचं, संध्याकाळी यायचं. मजा आहे बुवा. इथे मी फाटकापर्यंत जायचं तर थोरल्याला हाका मारते. आणि बाकीचे दिवस बाईसाहेब खिडकीशी पलंग टाकून पडल्या पडल्या राज्य करणार, नवऱ्यानं मग मोजायचे. राणीसरकारांना म्हणावं, ऊठ की जरा. कुंड्या तुझ्या, राबतो तो. कंबर मोडली का तुझी?

विषय निघालाच आहे तर मनातलं लिहिते. आई आजारी पडली तेव्हा भिंगरीचं ऑपरेशन होऊन पाचच दिवस झाले होते. टाके ओले असताना तिला काय कळवायचं? मला वाटलं, आई उठेल, मग सांगू. आई उठली नाही. भिंगरीला कळलं तेव्हा चार दिवस उलटून गेले होते. ती मला एकच वाक्य बोलली, "माझी आई तू एकटीनंच घेतलीस." त्यानंतर सहा वर्षं ब्र नाही. मी तिच्या भल्यासाठी गप्प राहिले, हे आजही सांगेन. पण ती अर्धं पाऊल पुढे आली तर उरलेला सगळा रस्ता मी येईन. गुडघ्यांसकट. हे पण वाचून दाखवा.

वाट बघते.

अक्का

---

३० मे

ती. स्व. अक्का,

चोर सापडला. पण ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागतं, आणि ते न सांगण्याची शपथ तिनं मला घातली होती. आज ती मोडतो आहे. ती आत झोपली आहे.

भिंगरीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. दोन वर्षं होतील. सोमवारी आणि गुरुवारी आम्ही हिंडायला जात नाही, इस्पितळात जातो. तिथे चार तास तिच्या दंडातल्या सुयांतून रक्त मशीनमध्ये जातं आणि धुऊन परत येतं. बाहेर पडते तेव्हा तिला पायरी चढवत नाही. पाणी मोजून प्यायचं असतं. दिवसाला छोटे पाच पेले, औषधासारखे, तेही मी भरून देतो. पितळेचा मग ठरवणं मला सोपं का गेलं, हे आता कळेल तुम्हाला. टोमॅटो तर तिला वर्ज्यच. एक फोडसुद्धा नाही. मी विचारलं, मग हा खटाटोप कशाला? म्हणाली, "एक अख्खा झाला की कापसात गुंडाळून अक्काला पाठवायचा. चिठ्ठीबिठ्ठी काही नको. नुसता टोमॅटो."

आठ दिवसांपूर्वी दुपारी मी आतल्या खोलीतून आलो, तर ती खिडकीच्या गजाला धरून उभी होती आणि तिचा पेला कुंडीत रिकामा करत होती. तिच्या वाटणीचं पाणी. रोज एक पेला ती झाडाला देत होती. मी विचारलं तर म्हणाली, "पानं माना टाकून बसली होती. त्याला तहान लागलीय. तहान काय असते, ते मला विचारा."

तुम्हाला कळवायचं नाही, हे आधी ती रागानं म्हणाली होती: "आईच्या वेळी मला कळलं नाही, आता तिला कळायला नको." पण तुमचं पहिलं पत्र आलं आणि तिचं कारण बदललं. म्हणाली, "कळलं तर अक्का माझ्याशी गोड बोलायला लागेल. मला तिचं रागावणंच हवंय."

तुमचं दहा तारखेचं पत्रही मी वाचून दाखवलं. पुढे काय येतंय ते न पाहता वाचत गेलो, आणि राणीसरकारांची ओळ वाचून झाली. त्या ओळीला ती हसली नाही. पुढचं, आईचं, मी वाचलं तेव्हा डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "गुडघ्यांसकट म्हणाली का? पुन्हा वाचा."

परवा डॉक्टर म्हणाले की आता हृदयही थकलं आहे. किती दिवस, ते बोलले नाहीत.

या. जमेल तितक्या लवकर या.

घड्याळजी

---

४ जून

घड्याळजी,

सकाळी पत्र आलं. निघते. थोरला तिकिटाला गेला होता, आठ तारखेच्या आधी जागा नाही. दहाला सकाळी पोचेन. तुमच्या फोनवर थोरल्यानं सांगितलं तरी हे पत्र टाकते, कारण खालचं तिच्यासाठी आहे आणि ते फोनवर सांगण्यासारखं नाही. माझ्या आधी पोचलं तर वाचून दाखवा.

भिंगरे,

गोड बोलणार नाही, घाबरू नकोस. आल्या आल्या तुझ्यावर दोन तास रागावणार आहे. दोन वर्षं सुया टोचून घेतेस आणि मला सांगत नाहीस? कुणाकडून शिकलीस हे? माझ्याकडूनच.

आईच्या वेळचं माझं चुकलं. भल्यासाठी केलं, हे म्हणणंही चुकलं. ती दोघींची होती.

कंबर मोडली का, असं मी तुला लिहिलं. ते लिहिणारा हात घेऊन येते आहे, हवी ती शिक्षा कर.

तुला कधी एका जागी थांबता आलं नाही, हे मला माहीत आहे. एवढ्या वेळेला थांब. दहा तारखेपर्यंत.

तुझी अक्का

---

२ जुलै

ती. स्व. अक्का,

नमस्कार. तुम्ही सुखरूप पोचल्याचा थोरल्याचा फोन आला. गुडघे सुजले असतील, शेकत राहा. सूनबाईंनी बांधून दिलेलं सामान मी अजून सोडलेलं नाही. नातीनं काढलेलं घड्याळाचं चित्र भिंतीवर लावलं आहे. त्यात तेरा आकडे आहेत.

तुम्ही इथे दहा दिवस होतात. त्या दहा दिवसांत एक गोष्ट सांगायला मी रोज तोंड उघडलं आणि रोज दुसरंच काही बोललो. भिंगरी आठ तारखेला गेली, तुम्ही तेव्हा गाडीत होतात. दहाला तुम्ही आलात, आणि अकराला पोस्टमननं तुमचंच पत्र तुमच्या हातात दिलं. पाकीट न फोडता तुम्ही ते तिच्या उशीखाली ठेवलंत. ते बघितल्यावर माझ्याच्यानं बोलवेना.

तिला पेला ओतताना पकडलं, हे मी लिहिलं होतं. पुढे काय झालं ते लिहिलं नव्हतं. मी तिच्यावर ओरडलो. एकतीस वर्षांत मी तिच्यासमोर आवाज चढवला नव्हता. मोजून दिलेलं पाणी ती ओतून टाकते, मी सकाळी उठून मग मोजतो आणि हिच्यामुळे सगळं वाया जातं, असं काहीतरी डोक्यात शिरलं. मी म्हणालो, "अक्का म्हणते ते खोटं नाही. तुझ्या हाताखाली निवडुंगसुद्धा वाळेल. तू पाणी घालतेस म्हणून फळं फुटतात."

आधी याच वाक्याला ती ठसका लागेपर्यंत हसली होती. या वेळी तिनं पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बरं. नाही घालणार." बस. दुसऱ्या दिवशी म्हणाली, उजेड डोळ्यांवर येतो, पलंग भिंतीकडे घ्या. त्यानंतर कुठलं फळ किती लाल झालं, हे तिनं एकदाही सांगितलं नाही. माझ्याशी बोलायची, नेहमीसारखी. चहा कडक झाला म्हणायची. पण खिडकीकडे पाहिलं नाही. चिडली असती तर मी माफी मागितली असती. ती चिडलीच नाही, आणि मी सतरा दिवस आज मागू, उद्या मागू करत राहिलो.

आता एकच विचारतो. तुमच्याइतकं यातलं कळणारं कुणी नाही, म्हणून तुम्हालाच. तिच्या पेल्यानं फळं फुटत होती का? हो किंवा नाही, एवढंच लिहा. हो असेल तर माझा सूर चुकला, पण बोललो ते खरं होतं, असं मनाला समजावता येईल. नाही असेल तर तेही लिहा. सांत्वन नको.

गॅलरीचं दार बंद असतं. पाणी द्यायला उघडतो, देतो, लावतो. झाडांकडे पाहत नाही.

घड्याळजी

---

११ जुलै

घड्याळजी,

नाही.

तिच्या पेल्यानं एकही फळ फुटलं नाही. एवढ्या मोठ्या कुंडीत, भर उन्हात, तिचा तो छोटा पेला म्हणजे दोन बोटं माती ओली. मुळांपर्यंत तो पोचलाही नसेल. आणि इतर तीन कुंड्यांमध्ये तिनं कुठे काय घातलं होतं? फळं तर चारही कुंड्यांमधली तडकत होती. एवढं साधं, ना तुमच्या डोक्यात आलं, ना माझ्या. मी चोर शोधायला सांगितलं, तुम्ही शोधलात.

तुमचं पत्र येऊन पाच दिवस झाले. पहिल्या दिवशी मी 'हो' असं लिहिलं. खरंच लिहिलं, पाकिटात घातलं, जीभ लावून चिकटवलंही. म्हटलं, माणूस एकटा पडलाय, चार तास झोप लागू दे त्याला. मग रात्रभर ते पाकीट डोळ्यांपुढून हलेना, सकाळी फाडलं. कुणाच्या भल्यासाठी मी एकदा खोटं वागले आहे. तेवढं पुरे झालं.

आणि अर्धं सांगून उरलेलं ठेवणं हेही त्यातलंच, म्हणून पुढचंही सांगते. मी तुमच्याकडे होते तेव्हा, गुरुवारी संध्याकाळी, तुम्ही गॅलरीत गेलात. मी दाराशी होते, तुम्हाला दिसले नाही. पितळेचा मग कठड्यावर तसाच होता. तुम्ही बादली उचललीत आणि एका कुंडीत अर्धी रिकामी केलीत. मग दुसरीत. मग परत भरून आणलीत. खालून पाणी वाहून तुमच्या पायांपर्यंत आलं तरी थांबला नाहीत. त्या दिवशी इस्पितळ नव्हतं, काही नव्हतं, फक्त गुरुवार होता.

तुमच्या वहीत मी नंतर बघितलं. बाकीच्या दिवशी वेळ आणि दोन मग. सोमवारी आणि गुरुवारी नुसतं "संध्याकाळी". किती, ते कुठेच लिहिलेलं नाही. तुमच्यासारख्या माणसाच्या हातून ते सुटतं, म्हणजे ते तुम्हाला दिसतच नव्हतं. दिवसभर ऊन खाऊन माती कोरडी ठणठणीत, आणि संध्याकाळी तो लोंढा. फळं त्यानं फुटली.

मी त्या दाराशी उभी राहून काय ओळखलं ते सांगू? इस्पितळातून यायचात, ती पाणी मागायची, आणि दिवसाचे पेले संपलेले असायचे. तिला "नाही" म्हणायचं काम तुमच्याकडे. मग गॅलरीत जाऊन ज्यांना देता येत होतं, त्यांना तुम्ही पोटभर देत होतात. ती झाडाला आपला पेला द्यायची आणि तुम्ही बादली. दोघांच्या डोक्यात तहान एकच होती. तुम्ही एकमेकांना सांगितलं असतंत तर! पण आमच्या घरातल्या माणसांना सांगायचं तेवढं सोडून सगळं येतं.

आता त्या वाक्याचं. ते मी घडवलं, ती सात वर्षांची असताना. सगळ्यांना हसवायला घडवलं आणि जन्मभर वापरलं. तुम्ही ते एकदा वापरलंत. तेव्हा एकट्यानं ओझं उचलू नका, जड बाजू माझ्याकडे द्या. तुम्हाला माफ करणारी गेली, मलाही. मी तिच्या वतीनं तुम्हाला माफ केलं म्हणाले तर ते खोटं होईल. मी तुमच्याजवळ बसू शकते, इतकंच, आणि तेही पत्रातून.

आणि एक खरं, जे तुम्हाला ठाऊक नसेल. तिच्या हाताला झाड लागत नाही म्हणणारी मी, मी तुमच्या त्या चार कुंड्यांपाशी खाली बसून बघितलं. बियांपासून केलेली रोपं, बुंधा अंगठ्याएवढा, गाठी कशा जवळ जवळ, एक पान पिवळं नाही. चाळीस वर्षांत माझ्या वाटिकेतून अशी चार रोपं एका रांगेत निघाली नाहीत. ती असती तर मी हे तिला कधी तोंडानं बोलले नसते. तुम्हाला लिहिते आहे.

गॅलरीचं दार उघडा. हिरवी फळं अजून बरीच आहेत, मी मोजली नाहीत. मगानंच पाणी द्या. आणि आता सोमवारी आणि गुरुवारीही सकाळीच देत जा. तुम्हाला आता त्या दिवशी कुठे जायचं नसतं.

एखादं अख्खं पिकलं तर मला पाठवू नका. कापा आणि खा. रडत खाल्लंत तरी चालेल.

उत्तर लवकर टाका. माझ्यावर चिडला असाल तर चिडून लिहा, पण लिहा. आठ दिवसांत आलं नाही तर मी पुन्हा गाडीत बसेन, आणि हे गुडघे बघता ते तुम्हाला परवडणार नाही.

अक्का